तिनं नेमकं काय म्हटलं आणि कुणी ऐकलं?

वाचकाचं पत्र

वकीलताई, नमस्कार.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका गावात राहते. आमचा बारा जणींचा बचत गट आहे, सहा वर्षं झाली. महिन्याला प्रत्येकी २०० रुपये. मी पहिल्यापासून सचिव आहे. वह्या मीच लिहिते, बँकेतही मीच जाते.

तीन महिन्यांपूर्वी देवळाच्या सभामंडपात मासिक बैठक होती. माझी चुलत जाऊ गटातच आहे. ती सगळ्यांदेखत उठून म्हणाली, "गटाचं पैसं खाऊन हिनं घरावर स्लॅब टाकला." मग सटवे, भवाने, तोंड काळं कर, असं बरंच काही. मी रडत निघाले. वाटेत ती मागून आली, तेव्हा आम्ही दोघीच होतो. म्हणाली, "बँकेतल्या सायबाकडं कशाला चकरा मारतीस ते म्हाईत हाय मला." हे मी अजून नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

आठ दिवसांनी पिठाच्या गिरणीत पाच-सहा बायका होत्या. मला बघून ती म्हणाली, "मी कुठं म्हणती हिनं पैसं खाल्लं? लई इमानदार बाई हाय. स्लॅब काय, आभाळातनं पडला." सगळ्या हसल्या. तिथल्या एका मुलीने ते फोनवर रेकॉर्ड केलं आहे.

स्लॅबचे पैसे नवऱ्याच्या पीएफचे आहेत. पोलीस ठाण्यात गेलो तर "बायकांची भांडणं" म्हणून एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून परत पाठवलं. पुण्यात शिकणारा मुलगा म्हणतो, पाच लाखांचा दावा ठोकू, नाहीतर गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिची सगळी लफडी टाकतो. नवरा म्हणतो, बोलणाऱ्याचं तोंड धरता येत नाही, सोडून दे. नुसत्या तोंडी बोलण्याने अब्रुनुकसानी होते का? मी काय करू?

एक सांगायचं राहिलं. पावसाळ्यात एका महिन्याचे २४०० रुपये तीन आठवडे माझ्याकडे घरातच होते. पूल पाण्याखाली होता, बँकेत जाता आलं नाही. नंतर भरले.

उत्तर

ताई,

तुमच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. हो, तोंडी बोलण्यानेही अब्रुनुकसानी होते. तिच्या बोलण्यातला काही भाग त्यात बसतो, काही बसत नाही. आणि जे वाक्य तुमच्या मनाला सगळ्यात जास्त लागलं आहे, नेमकं तेच बसत नाही. हे ऐकून तुम्हाला वाईट वाटेल, म्हणून त्याच्याबद्दल पुढे सावकाश लिहिते.

अब्रुनुकसानीचा गुन्हा १८६० च्या भारतीय दंड संहितेपासून आहे. तेव्हा ४९९ आणि ५०० ही कलमं होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि तोच मजकूर कलम ३५६ मध्ये आला. जुना कायदा मेकॉलेच्या समितीने लिहिला, तेव्हाच बोललेला शब्द आणि लिहिलेला शब्द यांच्यात फरक करायचा नाही, असं ठरलं होतं. बोललेला शब्द, लिहिलेला शब्द, हाताची खूण, काढलेलं चित्र, सगळं एकाच मापाने मोजायचं. इंग्लंडात तसं नव्हतं. तिथे तोंडी बदनामीसाठी दावा करणाऱ्याला, काही अपवाद सोडले, तर आधी पैशाचं नुकसान दाखवावं लागे. आपल्याकडच्या दिवाणी न्यायालयांपुढेही हा प्रश्न आला. १८८० च्या दशकात एका बाईच्या चारित्र्यावर तोंडी शिंतोडे उडवले गेले होते, त्या खटल्यात मद्रास उच्च न्यायालयाने इंग्लंडचा तो नियम इथे लावायला नकार दिला. तेव्हा "नुसतं बोललीच तर आहे" असं तुम्हाला कुणी म्हणालं, तर ते कायद्याला धरून नाही.

मग कायदा बघतो काय? तुम्हाला किती लागलं हे तो मोजत नाही. ऐकणाऱ्यांच्या मनात तुम्ही किती खाली गेलात, हे तो मोजतो. कलमाच्या स्पष्टीकरणात हे सरळ लिहिलेलं आहे: दुसऱ्यांच्या नजरेत त्या माणसाचं चारित्र्य किंवा बुद्धी हलकी ठरली पाहिजे, किंवा त्याच्या जातीच्या वा व्यवसायाच्या संदर्भात तो हलका ठरला पाहिजे, किंवा त्याची पत घसरली पाहिजे. 'पत' हा शब्द इथे तुमच्या कामाचा आहे. बचत गटाच्या सचिवाकडे दुसरं असतंच काय? बारा बायका दर महिन्याला कष्टाचे २०० रुपये तुमच्या हातात ठेवतात, ते तुमची ही पत बघूनच.

आता तिची बोलणी एकेक करून बघू.

सटवी, भवानी, तोंड काळं कर. या शिव्या आहेत. त्या ऐकून सभामंडपातल्या एकाही बाईने तुमच्याबद्दल नवीन काही खरं मानलं नसेल. फार तर एवढंच कळलं असेल की ही चिडली आहे आणि हिच्या तोंडाला आवर नाही. रागाच्या भरात सुटलेली शिवी सहसा अब्रुनुकसानी ठरत नाही, कारण तिच्यात आरोप नसतो. समोरच्याने भडकून शांतता मोडावी अशा हेतूने केलेला अपमान हा वेगळा गुन्हा आहे. तो पूर्वी कलम ५०४ मध्ये होता, आता न्याय संहितेच्या कलम ३५२ मध्ये आहे. पण शिव्यांच्या मागे लागून तुम्ही आपली ताकद घालवू नये, असं मला मनापासून वाटतं. मूळ मुद्दा त्यात बुडून जाईल.

"गटाचं पैसं खाऊन हिनं घरावर स्लॅब टाकला." तुमचं सगळं प्रकरण या एका वाक्यावर उभं आहे. यात एक ठरावीक गोष्ट तुमच्या नावावर टाकली आहे. ती खरी असती तर तो गुन्हा झाला असता, कारण दुसऱ्याने विश्वासाने दिलेला पैसा आपल्या घरासाठी वापरणं हा फौजदारी गुन्हाच आहे. वाक्य तुमच्या कामाबद्दल आहे. ते गटातल्या बायकांसमोर बोललं गेलं, म्हणजे ज्यांच्या मतावर तुमचं काम चालतं त्यांच्यासमोरच. आणि तुमचं नाव घेतलं नसलं तरी 'हिनं' म्हणताना बोट कुणाकडे होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. अब्रुनुकसानीला लागतं ते सगळं यात आहे.

गिरणीतलं बोलणं ऐकताना तुम्हाला वाटलं असेल की ही आता हुशारीने सुटली, कारण वरवर बघता तिने तुमची स्तुतीच केली. पण कायदा करणाऱ्यांना माणसाची जीभ चांगली माहीत होती. उपरोधाने केलेला आरोप हाही आरोपच, असं कलमात स्पष्ट म्हटलं आहे. आणि त्याखालचं पहिलंच उदाहरण बघा: एक जण म्हणतो, "तो प्रामाणिक माणूस आहे, त्याने घड्याळ कधीच चोरलं नाही," आणि म्हणण्याचा हेतू हा की लोकांनी त्याने घड्याळ चोरलं असं समजावं. ही अब्रुनुकसानी आहे. त्याच्या पुढचं उदाहरण तर एकही शब्द नसलेलं आहे. घड्याळ कुणी चोरलं असं विचारल्यावर माणूस नुसतं बोट दाखवतो. "लई इमानदार बाई हाय, स्लॅब आभाळातनं पडला" हे त्या घड्याळाच्या उदाहरणासारखंच आहे. तुम्ही लिहिलंय, "सगळ्या हसल्या." तुम्हाला ते हसू सुरीसारखं लागलं असेल. पण ताई, ऐकणाऱ्यांना वाक्याचा दुसरा अर्थ बरोबर कळला, याचा तेच हसू पुरावा आहे.

आणि ते वाटेतलं वाक्य. बँकेतल्या साहेबाबद्दलचं. तुम्ही ते नवऱ्यापासूनही लपवलं, यावरून किती खोल गेलं आहे ते कळतं. पण ते फक्त तुम्ही ऐकलं. अब्रू ही दुसऱ्यांच्या मनात असते, आणि तिथे तिसरं माणूसच नव्हतं, त्यामुळे कायद्याच्या भाषेत अब्रुनुकसानी झाली नाही. उद्या तुम्ही स्वतः ते वाक्य चार जणींना सांगितलंत, तर ते पसरवणं तिच्या खात्यावर जात नाही, तुमच्या जाईल. बाईच्या लज्जेचा अपमान व्हावा या हेतूने, तिला ऐकू जावं म्हणून बोललेल्या शब्दांसाठी न्याय संहितेत कलम ७९ आहे. ते पूर्वी ५०९ होतं. त्याची शिक्षा तीन वर्षांपर्यंतचा साधा कारावास आणि दंड, आणि तो दखलपात्र गुन्हा आहे, म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकतात. बोलणारी बाई असली तरी कलमाला अडचण नाही. पण तिथे साक्षीदार एकट्या तुम्हीच, आणि ती "मी असं बोललेच नाही" म्हणणार. मी त्या वाक्यावर प्रकरण उभं करणार नाही. मात्र तेच वाक्य तिने दुसऱ्या कुणाजवळ उच्चारलं असेल, तर सगळं बदलतं. चारित्र्यावरचा आरोप हा तोंडी बदनामीतला सगळ्यात गंभीर प्रकार मानला जातो. नवऱ्याला मात्र सांगा. कायद्यासाठी नाही, तुमच्यासाठी. दुसऱ्याच्या तोंडून त्याच्या कानी गेलं तर ते त्याला आणि तुम्हालाही जड जाईल.

आता मला तुमच्या पत्रातल्या शेवटच्या ओळींबद्दल बोलायचं आहे. २४०० रुपये, तीन आठवडे. तुम्ही ते "एक सांगायचं राहिलं" म्हणून लिहिलंत. पण तुमची जाऊ वकील लावेल, तेव्हा तिचा वकील पहिल्यांदा तिथेच बोट ठेवेल.

अब्रुनुकसानीच्या कलमाला दहा अपवाद आहेत. तुमच्या प्रकरणात त्यातले दोन आडवे येऊ शकतात. पहिला अपवाद खऱ्याचा. आरोप खरा असेल आणि तो बोलणं लोकहिताचं असेल तर गुन्हा नाही. दोन्ही गोष्टी लागतात, फौजदारीत नुसतं खरं असून भागत नाही. दिवाणी दाव्यात मात्र खरेपणा एवढा एकच बचाव पुरतो. दुसरा आहे नववा अपवाद: आपल्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेला आरोप. गटाच्या पैशात तुमच्या जावेचंही हित आहे, तिचेही २०० रुपये त्यात आहेत. बैठकीत उठून "पावसाळ्यातले पैसे तीन आठवडे बँकेत का गेले नाहीत, हिशोब दाखवा" असं तिने विचारलं असतं, तर तो तिचा पूर्ण हक्क होता. कितीही चढ्या आवाजात विचारलं असतं, तरी मी तिचीच बाजू घेतली असती. प्रश्न विचारणाऱ्या सभासदाला अब्रुनुकसानीची भीती घालायची, हे आपल्याकडे पतसंस्थांपासून सोसायट्यांपर्यंत फार चालतं. त्याला माझा नेहमीच विरोध राहिला आहे.

पण तिने प्रश्न विचारला नाही. तिने निकाल दिला. आणि 'सद्भावना' म्हणजे मनात वाईट नव्हतं एवढंच नाही. कायद्यात तिची व्याख्या योग्य काळजी आणि लक्ष अशी आहे. बोलण्याआधी तिने कीर्द बघितली का? पासबुक मागितलं का? २४०० रुपयांत स्लॅब पडतो का, एवढा तरी विचार केला का? अपवादात आपण बसतो हे सिद्ध करण्याचा भार तिच्यावर आहे, तुमच्यावर नाही. ती म्हणेल, "मी माझ्या मनचं नाही बोलले, गावच म्हणतं." हे आपल्याकडचं सगळ्यात जुनं पांघरूण. ते कोर्टात टिकत नाही. ऐकलेली बदनामी पुढे सांगणारा माणूस स्वतःच्या तोंडासाठी स्वतः जबाबदार असतो.

आपल्या इतिहासातलंच बघा. कोल्हापूरच्या महाराजांच्या हालांबद्दल 'केसरी' आणि 'मराठा'ने लिहिलं, ते हातात आलेल्या पत्रांच्या भरवशावर. कारभारी बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा खटला भरला, ती पत्रं बनावट निघाली आणि १८८२ साली टिळक-आगरकरांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. त्यांचा हेतू राजाला वाचवण्याचा होता, यात कुणाला शंका नाही. तरीही दुसऱ्याने पुरवलेली माहिती त्यांना वाचवू शकली नाही.

म्हणून पुन्हा तुमच्या त्या २४०० रुपयांकडे येते. पूल पाण्याखाली होता हे खरं असेल, मला शंका नाही. पण त्या वेळी तुम्ही ते गटाला सांगितलं होतं का? वहीत नोंद आहे का? नसेल, तर तेवढी चूक तुमची आहे. ती चूक चोरी नाही, पण लपवली तर चोरीसारखी दिसते. कोर्टाच्या पायरीवर जाण्याआधी ती तुमच्या तोंडून, त्याच सभामंडपात, त्याच बायकांसमोर बाहेर आली पाहिजे.

गटाची विशेष बैठक बोलवा. तुमचा गट बचत गटांच्या सरकारी उमेद अभियानात असेल तर सीआरपी ताईंना (गटांना मदत करणाऱ्या अभियानाच्या कार्यकर्तीला) आणि गावातल्या गटांच्या ग्रामसंघाच्या अध्यक्षांना येऊन बसायची विनंती करा. कीर्द, बँकेचं पासबुक आणि प्रत्येकीची वैयक्तिक पासबुकं एकत्र मांडा. बेरीज तुम्ही करू नका, दुसरीला करू द्या. २४०० रुपये कोणत्या तारखेला जमा झाले, कोणत्या तारखेला भरले, मध्ये का राहिले, ते सांगा, आणि उशिराबद्दल गटाची माफी मागा. पीएफचा कागद दाखवायला तुम्ही कुणाला बांधील नाही. तरी तुमच्या जागी मी असते तर तोही दाखवला असता. कुणी म्हणेल बेलभंडारा उचल, देवासमोर शपथ घे. नम्रपणे नाही म्हणा. शपथेने देवाला सांगता येईल, पण गटातल्या बायकांना आकडेच दाखवावे लागतात. त्या दिवशीचं इतिवृत्त तुम्ही लिहू नका, दुसऱ्या कुणाला तरी लिहू द्या आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. तीन महिन्यांपूर्वीच्या त्या बैठकीचं पान जसं असेल तसं राहू द्या. तिथे मागाहून एक शब्दही घालू नका. जुन्या पानावरची नवी शाई चांगलं प्रकरण घालवते.

हिशोब जुळला की जावेला त्याच बैठकीत शब्द मागे घ्यायला सांगा. तिने घेतले आणि वहीत तसं लिहिलं गेलं, तर कोर्टातून जे मिळवायचं ते तुम्हाला तिथेच मिळालं, असं मी समजेन. नाही घेतले, तर वकिलामार्फत नोटीस द्या. कायद्याने नोटीस सक्तीची नाही. पण नोटिशीत तारीख, जागा, नेमके शब्द आणि ऐकणाऱ्यांची नावं आली की समोरच्याला ही गोष्ट हसण्यावारी नेता येत नाही.

'नेमके शब्द' यावर मला थोडं थांबायचं आहे, कारण तोंडी बदनामीची प्रकरणं इथेच पडताना मी पाहिली आहेत. फिर्यादीत लिहिलेलं असतं, "अश्लील व अपमानास्पद भाषा वापरली." न्यायाधीश विचारतात, कोणती भाषा? साक्षीदार गप्प. एक म्हणतो चोर म्हणाली, दुसरा म्हणतो लबाड म्हणाली. बोललेला शब्द हवेत विरतो, म्हणून तो जसाच्या तसा, ज्या बोलीत बोलला गेला त्याच बोलीत कागदावर आला पाहिजे. तिचं वाक्य पुस्तकी मराठीत करून लिहू नका. पत्रात तुम्ही ते बरोबर तिच्या बोलीत लिहिलं आहे, तसंच हवं.

आता रेकॉर्डिंग. ते आहे ही चांगली गोष्ट, पण ते गिरणीतल्या वाक्याचं आहे. एकटं ऐकलं तर ते कौतुकच वाटेल. सभामंडपात आठ दिवस आधी काय झालं हे सांगणाऱ्या बायका उभ्या राहिल्या, तरच त्या कौतुकाचा खरा अर्थ कोर्टाला कळेल. अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली मोठा निकाल दिला. तो आपल्या जालन्याच्या विधानसभा निवडणुकीच्या वादातला, अर्जुन खोतकर आणि कैलास गोरंट्याल यांच्या प्रकरणातला आहे. दुसरीकडे उतरवून घेतलेली प्रत द्यायची असेल तर कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र लागतंच, मूळ उपकरणच मालकाने कोर्टात हजर केलं तर गोष्ट वेगळी. आता ते प्रमाणपत्र भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे द्यावं लागतं. म्हणून त्या मुलीला आजच सांगा: फोन विकू नको, रिसेट करू नको, ती फाइल कापू-जोडू नको. ती फाइल व्हॉट्सॲपवर फिरवूही नका.

पोलिसांनी एनसी लिहिली, ते कायद्याने चुकीचं नव्हतं. अब्रुनुकसानी अदखलपात्र आहे, मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत, आणि कोर्टही बदनामी झालेल्या माणसाच्या स्वतःच्या फिर्यादीवरच दखल घेतं. "बायकांची भांडणं" असं म्हणणं मात्र चूक होतं, आणि तुम्हाला त्याचा राग आला असेल तर तो योग्य आहे. एनसीची प्रत जपून ठेवा. तुम्ही तेव्हाच तक्रार केली होती, हे त्यातून दिसतं.

फिर्याद प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करायची. शिक्षा दोन वर्षांपर्यंतचा साधा कारावास, किंवा दंड, किंवा दोन्ही. नव्या कायद्याने त्यात समाजसेवेचीही शिक्षा आणली आहे. आता दखल घेण्याआधीच समोरच्याचं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. फिर्यादीला तीन वर्षांची मुदत आहे. पण पैशाची भरपाई मागायची तर दिवाणी दावा लागतो, आणि त्याची मुदत शब्द बोलल्यापासून फक्त एक वर्ष आहे. त्यातले तीन महिने गेले. सभामंडपातलं बोलणं आणि गिरणीतलं बोलणं यांचं वर्ष वेगवेगळं मोजायचं.

मुलाला सांगा, पाच लाखांचा आकडा लिहिला म्हणजे पाच लाख मिळतात असं नाही. जेवढी रक्कम मागाल त्या प्रमाणात कोर्ट फी आधी भरावी लागते, आणि न्यायालय देतं ते त्याला योग्य वाटेल तेवढंच. ग्रुपवर तिची लफडी टाकायची भाषा तर आजच थांबवा. त्याने ते टाकलं की त्याच कलम ३५६ खाली तो आरोपी होईल, आणि तोही लेखी पुराव्यासह. पुण्यात शिकणाऱ्या मुलाला आईच्या अपमानाने झोप लागत नसेल, हे मी समजू शकते. त्याला काम द्या: वह्यांची बेरीज तपासायला लावा.

तुमचे यजमान म्हणतात ते मी उडवून लावत नाही. खटला चालवायचा म्हणजे गटातल्या किमान दोन-तीन जणींना तारखेला तालुक्याला यावं लागेल, मजुरी बुडवावी लागेल, तुमच्या जावेसमोर उभं राहून तिचे शब्द सांगावे लागतील, आणि संध्याकाळी त्याच गल्लीत परत यावं लागेल. अशा दोघी तुमच्याकडे आहेत का? मला पत्राने कळवा. त्यांची नावं मनात येत नसतील, तर फिर्यादीची घाई नको. पण "सोडून दे" हेही उत्तर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली फौजदारी अब्रुनुकसानीचं कलम कायम ठेवताना म्हटलं आहे की प्रतिष्ठा हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. तुमच्यासारख्या बाईसाठी हे शब्द पुस्तकी नाहीत. उद्या बँकेने कर्ज देताना सचिव कोण म्हणून विचारलं आणि एखादी बाई खाली बघू लागली, तर ते नुकसान तुमच्या हातातल्या कामाचं आहे, आणि त्या बारा घरांचंही.

तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचं कार्यालय असतं. बाईला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत सल्ला मिळतो. मध्यस्थीने मिटवायचं ठरलं तर तशी वाटही तिथून निघते. अब्रुनुकसानीत बदनामी झालेल्या माणसाला तडजोड करण्याचा हक्क आहे, आणि ती खटला सुरू झाल्यावरही करता येते. जाताना एनसीची प्रत आणि पासबुक न्या.

आज रात्री एक करा. सगळी झोपल्यावर वही घ्या. सभामंडपात कोण कुठे बसली होती, कुणी काय ऐकलं, गिरणीत कोण कोण होतं, तिचा शब्द न् शब्द, तारीख, वेळ, सगळं लिहा आणि खाली त्या रात्रीची तारीख टाका. वाटेतलं वाक्यही लिहा. ते पान वेगळं ठेवा.